गोधडीतला चेलो आणि पिंपळगावची इटालियन सून

“तुझा कान चांगला आहे, पण तू चुकायच्या आधीच माफी मागतेस.” मी कॉलेजात होते तेव्हा सिल्व्हियाबाई मला म्हणाल्या होत्या. मी त्यांच्याकडे चेलो शिकायचे. चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं.

बाई इटलीतल्या एका न्हाव्याची मुलगी. ऑपेराच्या वाद्यवृंदात बरीच वर्षं वाजवल्यावर एका दौऱ्यात त्या पुण्याला आल्या. तिथे शेतीशास्त्र शिकवणारे प्रभाकरराव भेटले आणि परतीचं तिकीट वाया गेलं. प्रभाकरराव निवृत्त झाल्यावर दोघं त्यांच्या गावी, भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला राहायला गेले. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते वारले. तेव्हापासून बाईंनी चेलोला हात लावला नव्हता. त्या पुन्हा वाजवतील का, एवढंच मला पाहायचं होतं. तारांचा नवा संच पिशवीत टाकला आणि निघाले.

पुण्याहून जालन्याला रात्रीची गाडी नको, सकाळची घ्या. मी जालन्यात मस्तगड भागात एका साध्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ होती. खाली दुकानांचा कलकलाट, वर मी एकटी. जेवणाला सोबत कुणी नसलं की ताट फार लवकर संपतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने भोकरदन. बायकांना अर्धं तिकीट आहे. पुढे पिंपळगावला जीप. मिरचीचा हंगाम, त्यामुळे मागे पोती रचलेली.

“कुठं, गोऱ्या काकूकडं?” ड्रायव्हरनं विचारलं. “बसा जल्दी. अन् पोत्याला हात लावून डोळे चोळू नका, मंग मला शिव्या देताल.”

गावचा मिरची बाजार लांबूनच नाकाला कळतो. बाजारामागे बाईंचं घर. त्या अंगणात मिरच्या निवडत होत्या. केस पूर्ण पांढरे, साडीचा पदर खोचलेला. मला पाहून उठल्या आणि हात पाठीमागे धरूनच माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. हात तिखट होते.

भाकरी, पिठलं, ठेचा झाल्यावर मी तारा पुढे ठेवल्या. कोपऱ्यात धान्याच्या कणगीशेजारी गोधडीत गुंडाळलेला चेलो उभा होता.

“न्हाई बाळा,” बाई म्हणाल्या. “अजून न्हाई.”

“वर्ष तर झालं ना?”

उत्तर त्यांच्या जाऊबाईंनी, कमलबाईंनी दिलं. “वर्ष बराबर पाळलं तिनं. सण न्हाई, गाणं न्हाई. पण माहेरचा दुखवटा आलाच न्हाई ना! माहेरच्यांनी लुगडं आणायचं, तोंड गोड करायचं, मंग सुतक मनातून उतरतं. भावानं फोनवर फुलांचा फोटो धाडला. फोटो नेसावा का तिनं?”

“त्यांच्यात नसतं हे,” बाई हसून म्हणाल्या. मग हसू गेलं. “पण मी ह्या घरची सून. बाकी सगळं पाळलं, हे एकच कसं सोडू?”

मी पटकन म्हटलं, “मी आलेय ना माहेरहून.”

कमलबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. “माहेरची, अन् हात हालवत आल्ती?”

मग त्यांनीच मला बाजारातल्या कापड दुकानात नेलं. मी निवडलेली निळी साडी त्यांनी बिलकुल नापास केली आणि हिरव्या काठाची राखाडी काढायला लावली. घरी शिरा झाला. बाईंना पाटावर बसवलं. मी साडी त्यांच्या मांडीवर ठेवली, घासभर शिरा भरवला. बाईंचा घास बराच वेळ गालातच होता.

संध्याकाळी साबणाने दोनदा हात धुऊन त्यांनी गोधडी सोडली. नव्या तारा चढवल्या. खुर्ची ओढून बसल्या. चार मोकळ्या तारा एकामागोमाग छेडल्या, खुंट्या पिळून जुळवल्या. आता सुरू करतील म्हणून मी पुढे सरकून बसले. पण त्यांनी उचललेला गज खाली ठेवला.

“ते दाराजवळ बसून ऐकायचे,” त्या म्हणाल्या.

आम्ही तिघींनी दाराकडे पाहिलं. चेलो परत गोधडीत गेला. ह्या वेळी गाठ मात्र मारली नाही.

मुक्कामाला जायचं असेल तर गावात लॉज नाही, कुणाचं तरी घर लागतं. रेणुकाईचं देऊळ पहाटे पाहा, गर्दी नसते. एवढी माहिती पुरे.

पुण्यात परतून आठवडा झाला. बाईंनी वाजवलं असतं तर मी ते ऐकून आनंदाने परतले असते आणि इथे, ह्या प्रवासाच्या सदरात, दोन ओळी लिहून मोकळी झाले असते. पण त्या दिवशी मी कुणाचं तरी माहेर झाले, ते काही अंगावरून उतरत नाही. आई गेल्यावर माझं स्वतःचं माहेर भावाचा फ्लॅट झालं. तिथे मी बेल वाजवून आत जाते. माझ्याकडेही कुणी राहायला येत नाही.

बाई, कमलबाईंची नात तुम्हाला हे वाचून दाखवेल. मिरची आहे, म्हशी आहेत, घर सोडून कसं येऊ, असंच म्हणाल. तरीही विचारते. दिवाळीनंतर चार दिवस माहेरपणाला माझ्याकडे याल का? चेलो नाही आणला तरी चालेल.