बारीक लव

दवाखान्यात मी बहिणीच्या उशाशी बसले होते. शेजारच्या खाटेवर जुलाबानं सुकलेलं तान्हं बाळ होतं. "पोट धुऊन निघतंय, निघू दे," असं म्हणत घरच्यांनी दोन दिवस त्याला पाणीच दिलं नव्हतं.

नर्सबाई त्याच्या आईला सांगत होत्या, "अगं, त्या जंतूंच्या अंगावर बारीक लव असते. तिनं ते आतड्याला धरून बसतात. धुऊन जातं ते बाळाच्या अंगातलं पाणी."

आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिथंही लव होती, कणकेच्या गोळ्यानं काढायची राहिलेली. जगायचं तर जंतूलासुद्धा कशाला तरी घट्ट धरावं लागतं. बाळानं आईचा पदर मुठीत धरला होता.

संध्याकाळी ती मूठ सुटली. आईला वाटलं, झोप लागली.