मावा आहे तोवर

मुंग्यांना शिव्या घालण्यात माझा अख्खा एक महिना गेला. सकाळी चहाच्या आधी मी सावेडीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर, हातात हळदीचा डबा. चवळीच्या वेलावर मुंग्यांची एक रांग वर चाललेली, एक खाली येतेय, आणि मी ओरडतेय, "मेल्यांनो, सगळं नगर सोडून माझंच घर सापडलं का तुम्हाला?" शेजारच्या गच्चीवरून लोक बघायचे. बघेनात का!

ही बाग हौसेची नव्हती. आमच्या ह्यांनी वीस वर्षं मावा खाल्ला. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून टपरीवाला देतो, तो मावा. मागच्या वर्षी ह्यांचं तोंडच उघडेना. डॉक्टरांनी तोंडात बोटं उभी घालून पाहिली. तीन जायला हवीत, दीडच गेलं. म्हणाले, "आज सोडा. नाहीतर पुढच्या खेपेला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

ह्यांनी सोडला. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून कुंड्या आणल्या. चवळी, भेंडी, दुधी लावला. जे हात मावा चोळायचे ते माती चोळायला लागले. मी मनाशी पक्कं धरलं की बाग टिकली तर हे टिकतील. दर रविवारी "आ करा" म्हणून मी स्वतः बोटं घालून बघायची. दीडाची दोन झाली त्या दिवशी मी शिरा केला होता.

आणि मग ह्या मुंग्या. शेंडे आकसले, फुलं गळाली, शेंग एक धरेना. हे एका संध्याकाळी म्हणाले, "जाऊ दे गं, आपल्या हाताला यशच नाही." त्यातच दोन बोटंही अडकायला लागली होती. मी त्याचंही खापर मुंग्यांवर फोडलं. बाग गेली म्हणून ह्यांचं मन लागत नाही, मन लागत नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले तोंडाचे व्यायाम होत नाहीत. असा माझा हिशेब!

हळद टाकली, राख टाकली, हिंगाचं पाणी ओतलं. शेवटी दुधीच्या कुंडीतच वारूळ सापडलं म्हणून उकळतं पाणी ओतलं, तर मुंग्या दुसऱ्या बाजूने निघून गेल्या आणि दुधी तेवढा शिजला. मूळच भाजलं त्याचं. त्या दिवशी मी कुंडीपुढे फतकल मारून बसले आणि हमसून हमसून रडले. काय करू, कुणाला विचारू, काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चवळीचा एक शेंडा पिशवीत घालून खतं-बियाणांच्या दुकानात गेले. दुकानदाराने पान उलटं केलं.

"वहिनी, मुंग्यांना कशापायी मारताय? ह्यो बघा, मावा हाय."

तो शब्द ऐकून मला आधी टपरीवरचाच मावा आठवला. मग दिसलं, पानाखाली काळे बारीक किडे चिकटलेले.

"ह्यो रस पितो अन् गोड चिकटा सोडतो. मुंग्या त्यो चाटायला येत्यात, त्याला जपत्यात बी. मावा हाय तवर मुंग्या जायच्या न्हाईत. तंबाखूचं पानी मारा, लई जुना उपाय हाय."

म्हणजे महिनाभर माझं रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं. मला हसूच आलं.

पण तंबाखू? घरात तर मी चिमूटभरसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती. डोक्यावरून ओढणी घेतली आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. कुणी ओळखीचं बघतंय का ते पाहत हळूच म्हटलं, "थोडी तंबाखू द्या."

टपरीवाल्याने मला लगेच ओळखलं. "आवो वहिनी, तुमी कशाला आल्या? साहेब आत्ताच दोन पुड्या घेऊन गेले की, रोजच्यावानी. विसरले व्हय कुठं?"

"झाडांना हवीय," मी म्हटलं. तो हसला. मी तंबाखू घेतली. घर तिथून चार पावलांवर, पण मी आमचं फाटक ओलांडून पुढेच गेले, मग परत फिरले. रोज सकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणणारा माणूस! आणि मी बिनडोक, वर गच्चीवर मुंग्या मोजत बसलेली.

तंबाखू उकळली, गाळली, बादली घेऊन वर गेले. हे पाठमोरे उभे राहून चवळीला सुतळी बांधत होते. वळले नाहीत.

"तंबाखूचा वास येतोय," तोंड न उघडता बोलावं तसं म्हणाले. "कुठून आणलीस?"

"तुम्ही आणता तिथूनच."

सुतळी हातात तशीच राहिली. मी बादली खाली ठेवली, पदराला बोटं पुसावीत तशी ओढणीला पुसली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आज रविवार नाही," मी म्हटलं. "तरी आ करा."

ह्यांनी तोंड उघडलं नाही.