मनगटापासून जमिनीपर्यंत

आमचे हे गोल्फच्या काठ्या घरीच जोडतात. लोखंडी डोकं वेगळं आणतात, दांडी वेगळी, आणि गॅलरीत बसून दोन्ही चिकटवतात. दांडी कापण्याआधी माप घ्यावं लागतं. यांनी हात सैल सोडून ताठ उभं राहायचं आणि मी मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरायचा. खाली बसताना माझेही गुडघे आता कुरकुरतात, पण हे काम माझंच.

मागच्या खेपेला माप इंचभर कमी भरलं. माणूसच वाकला होता, दुसरं काय! मला काही सांगवेना. मी आपलं जुनंच माप सांगून टाकलं. काठी लांब झाली आणि ती फिरवता फिरवता यांची कंबर धरली. आठ दिवस शेक दिला मी, पण तोंडातून शब्द काढला नाही. आपलं माणूस थकताना बघणं दमवतंच हो, पण ते त्याच्यापासून लपवणं त्याहून दमवतं.

आज पुन्हा टेप घेऊन यांच्या पायाशी बसले.

"अगं, झोपलीस का खाली? किती भरलं?"

"दीड इंच कमी," मी म्हटलं. "आणि मागच्या वेळीही कमीच होतं."

"ठाऊक होतं मला."

"अहो, मग कापलीत कशाला तेवढी लांब?"

"तू म्हणालीस ना, तेवढंच आहे म्हणून. ऐकायला बरं वाटलं गं."

मग यांनी चष्मा पुसला, दांडीवर नव्या मापाची खूण केली आणि करवत उचलली.