मागे घेतलेला निष्कर्ष

फोन तीनदा वाजला तेव्हा माझे दोन्ही हात काचेच्या निर्जंतुक कपाटात होते. जळगावच्या आमच्या ऊतिसंवर्धनाच्या, म्हणजे टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत केळीचे कोंब एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत हलवताना हात मध्येच बाहेर काढता येत नाहीत. हातातलं काम संपवून पाहिलं, तर धुळ्याहून अक्कांचे कॉल. अक्का म्हणजे माझ्या गुरू शैलजामॅडम यांच्या थोरल्या बहीण. मी परत फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "शैलू गयी वं माय..." मॅडमचं हृदय थकलं होतं, हे ठाऊक होतं. तरी हातमोजे काढायचं मला सुचलं नाही. त्याला आता महिना होत आला.

मॅडम धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. गाव नरडाण्याजवळचं. वर्गात प्रमाण मराठी, पण राग आला किंवा माया दाटली की अहिराणी. डबा उभ्याउभ्याच खायच्या, आणि जेवतानाही डोळे सूक्ष्मदर्शकाकडे. मी सावद्याची, एम.एस्सी. करून त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ला लागले होते. त्यांचा जीव जडला होता ट्रान्सफरेज नावाच्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर. त्या सांगत, "जिबरेलिन हे संप्रेरक रोपाला वाढायला लावतं, हे सगळे शिकवतात. पण पेशीत वाढ रोखून धरणारी प्रथिनंही असतात. ट्रान्सफरेज काय करतं? साखरेचा एक बारीक कण उचलतं आणि त्या रोखणाऱ्या प्रथिनाला नेऊन जोडतं. जोडला, की त्याची पकड घट्ट. नाही जोडला, तर रोप उंच सुटतं. एवढ्याशा कणावर, बघ!"

आमच्याच सावद्याला एका आबांची केळीरोपांची मोठी नर्सरी होती. एका वर्षी त्यांच्या शेडमध्ये काही रोपं भलतीच उंच आणि किडकिडीत निघू लागली. मॅडमना वाटलं, यांच्यात ते ट्रान्सफरेज कमी पडत असणार. तसं सिद्ध झालं असतं, तर रोप लहान असतानाच पानाच्या चाचणीवरून ते निवडून काढता आलं असतं. तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. उंच आणि नेहमीच्या, दोन्ही रोपांच्या पानांचा अर्क काढून मी बर्फात ठेवला. नव्या फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून उंच रोपांच्या नळ्या बर्फाच्या ट्रेसकट खिडकीजवळच्या जुन्या फ्रीजमध्ये ठेवल्या. मे महिना, धुळ्याचं ऊन. दुपारी मी जेवायला गेले आणि वीज गेली. परत येऊन पाहते तो ट्रेमधल्या बर्फाचं पाणी झालेलं, आणि नळ्या कोमट; नव्या फ्रीजमधल्या मात्र गारच. उष्णतेनं विकर निकामी होतं, हे बारावीतल्या पोरालाही कळतं. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. पाणी ओतलं, नवा बर्फ भरला आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मोजमाप केलं. उंच रोपांत विकर अगदीच कमी. हवं होतं तस्संच! मॅडमनी कागद बराच वेळ पाहिला. "छान जमलंय," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं पुन्हा, "फारच छान जमलंय." मी आकडे वहीत उतरवत राहिले. शोधनिबंध या आकड्यांसाठीच अडला होता, माझी शिष्यवृत्ती त्यावर होती. निबंध गेला, स्वीकारलाही गेला. आणि जळगावला शास्त्रज्ञ आणि केळी उत्पादकांच्या सभेत तो मांडायचं ठरलं.

त्या सकाळी आम्ही एसटीनं निघालो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मॅडम खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "बठ्ठं खरं शे ना, पोरी?" मी म्हटलं, "हो मॅडम, सगळं खरं."

सभागृहात सावद्याचे आबा पुढच्या रांगेत बसलेले. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, आज तुमच्या बाईंनी एकदा स्टेजवरून सांगितलं, की उद्यापासून चाचणी. निम्मी शेड उपटावी लागली तरी उपटतो. आमच्या बायांनी लेकरासारखी वाढवलीत ती रोपं, पण शास्त्र म्हणतं तर म्हणतं." मी कप तिथेच ठेवला. वर मॅडमचं नाव पुकारलं जात होतं. मी धावत व्यासपीठाच्या पायरीशी गेले आणि त्यांचा पदर धरला.

"मॅडम, बर्फ वितळला होता. उंच रोपांचा. मी... मी सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा तस्साच. "जा, खाली बस," म्हणाल्या, आणि पायऱ्या चढल्या.

माईकसमोर त्या म्हणाल्या, "जो निष्कर्ष सांगायला मला बोलावलं, तो मी मागे घेते. नमुने थंड राहिले नव्हते. प्रयोगशाळा माझी, चूक माझी. आबा, एकही रोप उपटू नका." मागे कुणीतरी हसलं. अध्यक्ष चिडून म्हणाले, "मग इथवर आलात कशाला?" मॅडम म्हणाल्या, "हेच सांगायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही धुळ्याला पुन्हा पानं वाटून अर्क काढायला बसलो. या वेळी बर्फाकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. दोन्ही रोपांत विकर सारखंच निघालं. मॅडमचा कयासच चुकला होता. त्यांच्या प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. सभेतला किस्सा सहकारी बरीच वर्षं चघळत राहिले. माझी पीएच.डी. दुसऱ्या विषयावर, दोन वर्षं उशिरा झाली. आबांनी ती उंच रोपं स्वतःच्या मळ्यात लावली. काही वाऱ्यानं मोडली, पण बहुतेकांना नेहमीसारखे घड आले.

शेवटच्या भेटीत मी धीर करून विचारलं होतं, "त्या दिवशी मी बोललेच नसते तर?" मॅडम पलंगावर उशीला टेकून होत्या. "चहा टाक जरा," म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात अक्कांनी मला त्यांचं कपाट आवरायला बोलावलं. एका फायलीत संशोधन पत्रिकेच्या संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत होती, निबंध मागे घेत असल्याची. तिला स्पीडपोस्टची पावती टाचलेली. पावतीवरची तारीख जळगावच्या सभेच्या आदल्या दिवसाची! पत्रात लिहिलं होतं की जुन्या फ्रीजचं तापमान त्या दुपारी किती चढलं होतं, हे त्यांच्या स्वतःच्या नोंदवहीत आहे. आणि खाली एकच ओळ : "ही त्रुटी माझ्या विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे स्वतःहून माझ्या नजरेस आणून दिली."

ते पत्र पोस्टात पडलं, तेव्हा मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.