पालव बंदरावरचे सांधेवाले

उतारावर विश्वास ठेवू नये, हे आमच्या लोणावळ्याच्या शेजारच्या भाऊंइतके मनापासून मानणारा माणूस उभ्या मावळात झाला नसेल. भाऊ घाटात रेल्वेचे सांधेवाले, म्हणजे गाडीला रूळ बदलून देणारे, होते. उतरणारी गाडी त्यांच्या चौकीपाशी थांबली, तिने शिटी दिली, की मगच ते तिला सरळ रूळ देत. एरवी सांधा कायम शेजारच्या चढाच्या आडमार्गाला लावलेला. ताबा सुटलेली गाडी आलीच, तर तिने चढावर जाऊन आपोआप थांबावे. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी हाच कायदा माणसांना लावला. देवळाच्या पायऱ्यांवर ते मला, शाळेच्या मास्तराला, अडवीत, माझ्याकडून "थांबलो" असे वदवून घेत आणि मगच हाताने वाट देत. त्यांच्या सुनासुद्धा पाण्याची कळशी घेऊन ओटा उतरताना आधी "थांबले" म्हणत.

अशा माणसाबरोबर मुंबई पाहायचे धाडस मी आणि माझ्या टाकव्याच्या मित्राने दुसरे महायुद्ध पेटायच्या आदल्या साली केले. मित्राने समुद्र कधी पाहिला नव्हता, त्याला पोहता येत नव्हते, आणि "भाऊ, ह्यांना जसं नेताय तसं परत आना," असे त्याच्या बायकोने बजावले होते. भाऊंनी ते फारच मनावर घेतले. मुंबईच्या कोट भागातल्या टोलेजंग इमारतींकडे त्यांनी मान वर करून पाहिलेच नाही. सारे लक्ष पायऱ्यांवर. अजायबघराच्या जिन्यावर आमच्यामागे साहेब-मडमांची रांग खोळंबली, तरी यांचे आपले, "शिटी दिल्याबिगर लाईन न्हाई!" मी लाजेने अर्धा झालो.

पालव बंदरावर घारापुरीचा मचवा लागला होता. ओहोटीने उघड्या पडलेल्या खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार होत्या. भाऊ आधी उतरले आणि कडेला पडलेल्या दोरखंडांच्या वेटोळ्याशेजारी छत्री घेऊन उभे राहिले.

"मास्तर, त्याला वरच थोपवा. अजून लाईन न्हाई दिली."

"लय झालं, भाऊ! मचवा सुटंल!" म्हणत मित्र निघाला आणि दुसऱ्याच हिरव्या पायरीवर घसरला. बसल्या बसल्या तो थेट पाण्याकडे चालला. भाऊंनी छत्रीची मूठ त्याच्या बंडीत अडकवली, एक हिसडा दिला, आणि गडी पाण्याऐवजी दोरखंडांत जाऊन रुतला. समुद्रात गेले ते फक्त पागोटे.

मित्र हसत सुटला. मलाही इतके हायसे वाटले, की हसता हसता डोळे भरून आले. भाऊ मात्र पायरीवर मटकन बसले.

"मास्तर, तीस वर्सं सांध्यावर हुतो. एक बी गाडी सुटून आली न्हाई. पन रोज वाटायचं, आली तर जमंल का मला?" मग त्यांनी दोरखंडांत पाय झाडणाऱ्या मित्राकडे डोळे भरून पाहिले. "जमलं की वो!"

मचवा तोवर निघून गेला. घारापुरी आमची राहिली ती राहिलीच, आणि त्याचे तिघांनाही वाईट वाटले नाही.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षे झाली. अजूनही जिना उतरताना मी वरच्या पायरीवर थांबतो, आसपास कोणी नाही ना ते पाहतो आणि हळूच "थांबलो" म्हणतो. वाट कोणी देत नाही. जरा वेळ थांबून मग मी आपला उतरतो.