हळद लावलेला कोंबडा

त्या दिवशी मी "हो" का म्हणालो, याचं उत्तर बायकोने माझ्याकडे अनेकदा मागितलं आहे. मला ते अजून सापडलेलं नाही.

सिंगापूरला तुआस भागातल्या एका यार्डात मी जहाजांच्या इंजिनांच्या दुरुस्तीचं काम बघत होतो. आमच्या वर्कशॉपचे फोरमन साठी ओलांडलेले चिनी गृहस्थ होते. सगळे त्यांना अंकल म्हणत. अंकल फार बोलत नसत. बोलले तर दोनच विषयांवर: बेअरिंग आणि कोंबड्या. त्यांच्या जुन्या बैठ्या घरामागे छोटं अंगण होतं आणि तिथे ते अमेरिकन झुंजीच्या जातीचे पक्षी पाळत. झुंज लावायला नव्हे. सिंगापूरमध्ये त्याला बंदी आहे आणि अंकलना तो प्रकार मनापासून नावडे. त्यांना हवी होती ती नुसती जात. ताठ मान, गुडघ्यापर्यंत घोटीव पाय, तांब्यासारखा चकाकणारा पाठीचा रंग. कोण कुणाचा बाप, कोण कुणाची आजी, हे सगळं त्यांच्या एका वहीत चिनी अक्षरांत लिहिलेलं होतं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ येऊन बसले. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आधी नोव्हेना भागातलं हॉस्पिटल, मग पायऱ्या नकोत म्हणून लेकीच्या फ्लॅटवर मुक्काम. महिनाभर कोंबड्यांकडे बघायला कुणी नव्हतं.

"यू इंडियन," ते म्हणाले. "व्हिलेज फ्रॉम. शुअर यू नो हाऊ टू कीप चिकन, लाह."

मी पुण्याच्या पेठेत वाढलो. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नसे. पण इतक्या वर्षांत अंकलनी माझ्यावर पहिल्यांदाच विश्वास दाखवला होता, आणि मी म्हणालो, "ऑफ कोर्स, अंकल."

घरी सांगितलं तेव्हा बायकोने लॅपटॉप मिटला.

"तू आयुष्यात कधी कोंबडी हातात धरली आहेस?"

"धरली आहे."

"रश्श्यातली सोडून."

त्याच वेळी आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. त्या कोल्हापूरजवळच्या गावाहून दोन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या आणि बाराव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना अगदी करमत नव्हतं. दोनदा लिटिल इंडियाला जाऊन झालं होतं, सगळे दुधाचे पदार्थ करून झाले होते.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"सहा. दोन कोंबडे, चार कोंबड्या."

"उद्या पहाटे निघू," त्या म्हणाल्या आणि बायकोकडे वळून म्हणाल्या, "माझ्या माहेरी चाळीस होत्या. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस."

आमच्या घरापासून अंकलचं घर गाडीने दहा मिनिटांवर. रोज सकाळी सहाला मी सासूबाईंना तिथे सोडायचो, जमेल तेवढं बघायचो आणि तुआसला जायचो. हॉस्पिटलला जायच्या आधी अंकलनी मला एकच गोष्ट तीन वेळा बजावली होती. तांबडा आणि राखाडी, हे दोन कोंबडे एकमेकांना दिसता कामा नयेत. दोघांच्या खुराड्यांमध्ये एक प्लायवूडची फळी उभी होती. ती हलवायची नाही.

पहिल्या आठवड्यात सगळं छान चाललं, म्हणजे सासूबाईंनी चालवलं. त्या पाणी बदलायच्या, दाणे टाकायच्या, खुराड्याखालची घाण काढायच्या. तांबड्याला माझे पॉलिशचे बूट आवडत नसत. त्यात त्याला स्वतःचंच रूप दिसायचं आणि तो बुटांवर तुटून पडायचा. मी चपला घालायला लागलो. मग तो माझ्या अंगठ्यांवर तुटून पडू लागला.

एका करड्या कोंबडीने खाणं सोडलं, अंग फुगवून कोपऱ्यात बसून राहिली. मी घाबरून अंकलना फोन करणार होतो.

"अहो, आजारी नाही ती, खुडूक झालीय, उबवायला बसलीय," सासूबाई म्हणाल्या. "अंडी ठेवा तिच्याखाली."

अंकलनी जाताना तांबड्याच्या जोडीच्या कोंबडीची सात अंडी पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. त्यांतून पिल्लं निघावीत ही त्यांची फार इच्छा होती. मी हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारलं. अंकल पलंगावर उठून बसायला गेले आणि नर्सने त्यांना पुन्हा आडवं केलं. "डू! डू!" ते ओरडले. सासूबाईंनी जुन्या टोपलीत गवत अंथरलं, अंडी मांडली आणि करडी कोंबडी त्यांच्यावर अशी बसली की जणू जन्मभर ती याच नोकरीची वाट पाहत होती.

मग रविवार आला. मला सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी मला स्वच्छतेचा झटका येतो. त्या प्लायवूडच्या फळीला भयंकर वास येत होता. मला वाटलं, दोन मिनिटांत धुऊन परत लावू.

फळी बाजूला केली तेव्हा आधी काहीच झालं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी शांतता मी त्या अंगणात कधी ऐकली नव्हती. पुढच्या क्षणी राखाडीने दारावर अशी उडी घेतली की तारेची कडी निघाली, आणि तांबड्याचं दार तर मी दाणे टाकायला उघडंच ठेवलं होतं. माझ्या पायांसमोर पिसांचं एक चाक फिरू लागलं.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलो.

"आई!" मी हाक मारली. पस्तीस टनांचं इंजिन क्रेनने उतरवणारा माणूस मी.

सासूबाई नळावर होत्या. कपडे भिजवायचा टब त्यांनी तसाच उचलला, पाणी ओतून दिलं आणि चालत आल्या. धावल्या नाहीत. चाकाच्या मधोमध टब पालथा घातला. तांबडा आत डालला गेला. राखाडीला त्यांनी पाठीमागून दोन्ही पंखांसकट धरलं, काखेत घेतलं आणि खुराड्यात ठेवून कडीला स्वतःच्या केसांची पिन अडकवली.

"उतरा आता जावईबापू," त्या म्हणाल्या. "आणि फळी लावा."

राखाडीला खरचटलंही नव्हतं. तांबड्याचा तुरा फाटला होता आणि डोक्यावर रक्त होतं. मी म्हटलं, व्हेट शोधतो. सासूबाई म्हणाल्या, शोधा, तोवर मी हळद लावते. पिशवीत त्यांनी डब्याबरोबर हळदही आणली होती. कशाला, ते मी विचारलं नाही. कोंबडा त्यांच्या मांडीवर गुपचूप बसून राहिला. दुपारी व्हेटने पाहिलं, जखम वरवरची आहे म्हणाला, मलम दिलं. पण तोवर तांबडा गळ्यापर्यंत पिवळा झाला होता, आणि ते काही केल्या निघेना.

अंकलना सांगायचं मला धैर्य झालं नाही. चार दिवस मी त्यांना जुने फोटो दाखवत राहिलो. पाचव्या दिवशी लेकीच्या फ्लॅटवरून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, तोही थेट सासूबाईंना, कारण मी नंबर देऊन ठेवला होता. मी अंगणात त्यांच्या शेजारीच उभा होतो आणि मागे तांबडा दाणे टिपत होता. पडद्यावर अंकलचा चेहरा एकदम जवळ आला.

"व्हाय माय चिकन येलो?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी फोन आपल्याकडे वळवला आणि मराठीत सगळं सांगितलं. फळी, कडी, टब, खुर्ची. खुर्चीवर कोण चढलं होतं, तेही बोटाने दाखवलं. अंकलना एक अक्षर कळत नव्हतं, तरी योग्य ठिकाणी ते "आय्या!" म्हणत होते. शेवटी त्यांनी तांबड्याला कॅमेऱ्यासमोर धरायला खुणेने सांगितलं, बराच वेळ तुरा पाहिला आणि म्हणाले, "आंटी व्हेरी गुड." मग जरा थांबून, "यू, डोन्ट टच."

अंडी ठेवल्यापासून एकविसाव्या दिवशी सातातल्या चार अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. सासूबाईंनी मला ऑफिसात फोन केला आणि मी मीटिंगमधून उठून बाहेर आलो. फोनवर नुसता चिवचिवाट होता. संध्याकाळी अंकल टॅक्सीने, कुबडी घेऊन, लेकीचं न ऐकता आले. पिल्लं मोजली, मग मोठे मोजले. घरात दहाच्या वर पक्षी ठेवायला परवानगी नव्हती आणि सहा अधिक चार बरोबर दहा होत होते.

"गुड मदर," ते करड्या कोंबडीकडे बघत म्हणाले. "फॉलो लॉ."

सासूबाई त्यानंतर दहा दिवसांनी कोल्हापूरला परतल्या. विमानतळावर अंकल कुबडीशिवाय आले होते. निरोप घ्यायला दोघांकडे बोलण्यासारखी भाषाच नव्हती. पण पुढे कित्येक महिने अंकलकडून सासूबाईंच्या फोनवर पिल्लांचे फोटो जात राहिले आणि उलट दिशेने हाताने केलेल्या खुणांचे व्हिडिओ: टोपली कशी ठेवायची, पंख कसे धरायचे.

दोनेक वर्षांनी अंकलनी नोकरी सोडली आणि घर विकून लेकीकडे राहायला गेले. फ्लॅटमध्ये कोंबड्या चालत नाहीत. क्रांजीकडे त्यांच्या एका मित्राची शेती होती, तिथे पक्षी पोचवायला मी गाडी घेऊन गेलो. बाकीचे मागे खोक्यांत होते. तांबडा मात्र अंकलच्या मांडीवर टोपलीत बसला होता. एका सिग्नलला तांबड्याने मान बाहेर काढली आणि खच्चून आरवला. शेजारच्या बसमधली सगळी माणसं वळून आमच्याकडे बघू लागली. अंकल सरळ समोर बघत राहिले. फक्त एक हात टोपलीत घालून ते त्याच्या पाठीवरून फिरवत होते. दिवा हिरवा झाला तरी मला गाडी काढायचं सुचलं नाही.