पडद्यावरचं गाव

माझा धानोऱ्यात कॉम्प्युटरचा क्लास आहे. मूळचा मी वरोऱ्याचा, पण इथल्या लोकांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. कॉम्प्युटर अडला की मला फोन लावतात आणि मलाही ते आवडतं. आपल्यावाचून लोकांचं अडतं ही भावना फार गोड असते. पुढे जे झालं ते त्या गोडीपायीच झालं, हे आधीच सांगून टाकतो.

जंगलातल्या एका गावाची ग्रामसभा आपलं जंगल स्वतः राखते. रोज दोन घरांनी फेरी मारायची आणि काय दिसलं ते येऊन सांगायचं: कुठे झाड तोडलेलं आहे, कुठे आग लागून गेली, कुठे मोह चांगला धरलाय. ही नोंद ठेवायचं काम एका बाईंकडे होतं. पन्नाशीच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. ग्रामसभेला कुणीतरी एक जुना कॉम्प्युटर दिला होता. त्यावर विंडोज रडतखडत चालायचं, म्हणून मी त्याऐवजी लिनक्स बसवून दिलं आणि त्यावर एक साधा, हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची मांडणी करणारा प्रोग्राम, लावला. बाई दोन महिन्यांत शिकल्या.

शिकल्या म्हणजे त्यांच्या पद्धतीने. प्रत्येक घराची एक फाइल केली आणि ती पडद्यावर त्या घराच्या जागी नेऊन ठेवली. वरच्या टोल्यावरची, म्हणजे वरच्या वस्तीतली घरं वर, तलावाकडची उजवीकडे, नाल्यापलीकडची चार घरं खाली कोपऱ्यात. मधे मोकळी सोडलेली पट्टी म्हणजे रस्ता. कुणी फेरीवरून आलं की बाई नाव शोधत बसत नसत, माउस घेऊन सरळ त्याच्या घरी जात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो.

"बाई, फाइली फोल्डरमध्ये ठेवायच्या असतात."

"फोल्डरात कोनाचं घर कुठी आहे ते कसं समजन, भाऊ?"

बाईंचं खरं होतं, पण ते मी कबूल केलं नाही. शिकवणाऱ्याची खोड.

पुढे एका हिवाळ्यात मला एका नव्या डेस्कटॉपचं वेड लागलं. देखणा, झुळझुळीत. क्लासमधल्या सगळ्या मशीनवर टाकला, घरच्या लॅपटॉपवर टाकला. मग ग्रामसभेचा प्रिंटर दुरुस्त करायला त्या गावी गेलो तेव्हा पेनड्राइव्हमध्ये त्याची सगळी पॅकेजं भरून नेली. बाई त्या दिवशी फेरीच्या पाळीवर जंगलात होत्या. शेजारच्या घरून कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली घेतली, प्रिंटर दहा मिनिटांत झाला, आणि मी कुणालाही न विचारता नवा डेस्कटॉप टाकला. जुना उगाच जागा अडवेल म्हणून तो मुळापासून काढला, त्याच्या सेटिंगसकट. मशीन पुन्हा सुरू केली. पडद्यावर एक छान डोंगर, बाकी काही नाही. किती स्वच्छ, असं मी स्वतःशी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर मिळते, म्हणजे त्या तिथवर चालत आल्या होत्या.

"भाऊ, गाव नाई दिसून राह्यलं. एक बी फाइल नाई. तुमी काल काई केलं का?"

काय झालं असेल याचा मला अंदाज आला. तरी तोंडातून निघालं ते असं: "मी प्रिंटर पाहिला. पडद्यावरचं चित्र बदललं. तुम्ही काय केलं?"

"काई नाई. सकाळी किबोर्डाले वलं फडकं मारलं."

"मशीन चालू असताना?"

"हो."

"मग?" मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. तुमच्यामुळे झालं असं मी म्हटलं नाही, असं पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत होतो. पण तो 'मग' कसा काढला होता ते मला ठाऊक आहे. त्यांनी फोन ठेवला.

मग मी मदत मागायला इंटरनेटवर लिनक्सच्या एका फोरमवर गेलो. तिथे लिहिलं की युजरने चुकून फाइली डिलीट केल्या आहेत, परत कशा आणता येतील. कोण, कुठल्या देशातला माणूस कोण जाणे, त्याने शांतपणे विचारलं, अलीकडे मशीनवर काही बदल केला होता का? मी लिहिलं, नाही. त्याने एक कमांड देऊन काय येतं ते चिकटवायला सांगितलं. चिकटवायला माझ्यासमोर ती मशीनच नव्हती. तेव्हा कुठे मी लिहिलं की हो, डेस्कटॉप बदललाय. लगेच उत्तर आलं: या प्रकारच्या डेस्कटॉपमध्ये पडद्यावर फाइली दाखवतच नाहीत, तुमच्या सगळ्या फाइली डेस्कटॉप नावाच्या फोल्डरात सुखरूप असतील. खाली आणखी एक ओळ होती. युजरला जरूर कळवा, त्यांची काहीही चूक नाही.

मी त्याचे आभार मानले. बाईंना कळवलं नाही. पाळीवर चालत आल्याशिवाय त्यांना फोन लागत नाही, हे कारण मला पुरलं.

तिसऱ्या दिवशी जुना डेस्कटॉप पेनड्राइव्हमध्ये घेऊन गावी पोचलो तर ग्रामसभा बसली होती. त्या गावाचा एक रिवाज आहे. ज्याच्या हातून चूक झाली त्याने सभेत उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायची. सांगून झालं की विषय संपला. मागाहून त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही, बांधावर नाही की लग्नाच्या मांडवात नाही.

बाई उभ्या होत्या. "म्या वलं फडकं मारलं. तवाच काई दबलं असन. सारी नोंद गेली. हे काम आता माह्या हातानं नाई होत." आणि खोलीची किल्ली त्यांनी सतरंजीवर ठेवली. कुणीही रागावलं नाही. एक मुलगी, जी माझ्याच क्लासला येऊन गेली होती, तिने किल्ली उचलली.

मी खोलीत गेलो आणि अर्ध्या तासात फाइली पडद्यावर आणल्या. सगळ्या आल्या, पण कुठली फाइल कुठे हे लक्षात ठेवणारी सेटिंग मीच पुसलेली असल्यामुळे डावीकडे मुळाक्षरांप्रमाणे रांगेत उभ्या. गाव नव्हतं, यादी होती. लोक दारात गोळा झाले. एक म्हातारे म्हणाले, "भाऊ होते मनून वाचलं." मला चहा दिला आणि मी तो प्यालो. बाई मागे उभ्या राहून पडदा बघत होत्या, बहुधा आपलं घर शोधत असाव्यात.

पंधरा दिवस मला नीट जेवण गेलं नाही. शेवटी गेलो, हातपंपावर त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. डेस्कटॉप मी बदलला, जुना मी काढला, फडक्याने काहीही झालं नव्हतं, फोनवर मला अंदाज आला होता. त्यांनी पाण्याची गुंड भरून होईस्तोवर ऐकलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मले काऊन सांगता, भाऊ? म्या तं सभेत सांगतलं. तुमी बी तिथीच सांगा."

पुढच्या सभेला मी गेलो. सतरंजीवर बसलो, बाई समोरच बायकांमध्ये होत्या. बाकीचे विषय झाले, आणखी कुणाला बोलायचं आहे का, असं विचारलं गेलं, आणि मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो की प्रिंटरची शाई संपत आली आहे, पुढच्या वेळी येताना घेऊन येईन.